वडिलांची जन्मतारीख १ जून, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी कान का धरायला लावला?

सोलापूरची लेक

नमस्कार. माझे वडील जून १९४८ मध्ये सोलापुरातील एका नगरपालिका शाळेच्या बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, दाखल झाले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९४२ अशी आहे आणि पुढे नोकरी, निवृत्तिवेतन, पासपोर्ट, आधार कार्ड हे सगळे त्याच तारखेने झाले. माझी आजी मात्र शेवटपर्यंत सांगत असे, की हा गड्ड्याच्या यात्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री झाला. सुईण दारूकाम पाहायला गेली होती आणि तिला होम मैदानावरच्या गर्दीतून शोधून आणावे लागले. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा संक्रांतीला भरते हे इथे कोणाला सांगायला नको, तेव्हा जूनचा त्याच्याशी काही संबंध लागत नाही.

वडिलांच्या शाळेच्या पहिल्या दिवसांविषयी एक छोटी पुस्तिका करून घरातल्या सर्वांना द्यावी असे मनात आहे. पण विचारले की ते तीनच गोष्टी सांगतात: पाटीची चौकट हिरवी होती, मास्तरांनी गेल्या गेल्या कान धरायला लावला, आणि मी रडलो नाही. पहिल्याच दिवशी, काहीही न करता, कान धरण्याची शिक्षा का झाली असावी हे मला उमगत नाही, आणि त्यांनाही ते सांगता येत नाही. १९४७ ते १९५० च्या सुमारास सोलापुरात शाळेत गेलेल्या ज्येष्ठांनी या तारखेविषयी आणि या कानाविषयी काही सांगितले, आणि देश नुकताच स्वतंत्र झाला आहे हे बिगरीतल्या मुलाला कशावरून कळत असे तेही लिहिले, तर मी ऋणी राहीन.

पूर्व भागातला

ताई, कान धरायला लावणे ही शिक्षा नव्हती, ते वय मोजण्याचे माप होते. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाची पाळी बोटांत आली, की मूल सहा वर्षांचे झाले असे मास्तर धरून चालत. नाही आली तर ‘पुढच्या वर्षी आणा’ म्हणून परत पाठवीत. लहान मुलाचे डोके मोठे आणि हात आखूड असतात, त्यामुळे या मापात अगदीच तथ्य नव्हते असे नाही, पण लांब हातांची मुले पाचव्या वर्षीच पास होत आणि बुटकी सातव्या वर्षीही घरी बसत. माझ्याकडून आजोबांनी आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात मान तिरकी करून कान धरण्याचा सराव करून घेतला होता. मास्तरांच्या ते लगेच ध्यानात आले. त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी सरळ केली आणि कान निसटला. तरीही प्रवेश मिळाला, कारण त्या वर्षी बिगरीचा पट कमी होता.

तारखेचे म्हणाल तर तीही तिथेच ठरली. शाळा जूनमध्ये उघडत आणि मुलाला सहा वर्षे पूर्ण असावी लागत, म्हणून जन्माचा कागद नसेल तर मास्तर चालू वर्षातून सहा वजा करीत आणि पुढे १ जून लिहून टाकीत. माझीही तारीख तीच आहे, माझ्या धाकट्या भावाचीही तीच आहे, आणि आम्ही जुळे नाही.

मी जून १९४७ मध्ये दाखल झालो, म्हणजे माझ्या शिक्षणाचे पहिले दोन महिने इंग्रजांच्या राज्यात गेले. त्या दोन महिन्यांत मी ग, म, भ, न एवढीच मजल मारली होती. आमचे घर पूर्व भागात, घरात दोन हातमाग, आणि बोलणे सगळे तेलुगू. मराठी मी गल्लीत ऐकली होती, पण गल्लीतली मराठी आणि शाळेतली मराठी या दोन वेगळ्या भाषा आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळले. एकदा मास्तरांनी फळ्यावर खडूने सुरेख कमळ काढले आणि ‘हे काय?’ म्हणून मला उभे केले. मी म्हणालो, ‘तामर पुव्वु’. वर्ग हसला. मास्तरांनी माझ्या मागच्या मुलाला विचारले; तो बाळीवेशीकडचा, घरी कानडी बोलणारा. तो म्हणाला, ‘तावरे हूवु’. मास्तर काही वेळ फळ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी कमळाखाली मोठा ‘क’ काढला आणि म्हणाले, ‘घरी काहीही म्हणा, पाटीवर हा क.’ पुढे वर्षभर ते आमच्याकडून एकेका वस्तूची तेलुगू आणि कानडी नावे विचारून घेत आणि स्वतःच्या वहीत टिपून ठेवीत.

पंधरा ऑगस्टला शुक्रवार होता. पहाटे अंघोळ घालून आम्हाला शाळेत नेले, छातीला कागदाचा तिरंगा टाचणीने लावला, प्रभातफेरी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर एक एक पेढा ठेवला. आम्ही ‘जन गण मन’ म्हटले. त्यानंतर मास्तरांनी आमच्याकडून चार नावे पाढ्यासारखी घोकून घेतली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला सोलापूरच्या या चार हुतात्म्यांना फाशी दिले गेले, तेव्हा आमच्यातला कोणीही जन्मलेला नव्हता, पण ही नावे आम्हाला दोनाच्या पाढ्याआधी पाठ होती. घरी येऊन मी आजोबांना झेंडा दाखवला, तर ते म्हणाले, ‘हा मी नगरपालिकेवर १९३० सालीच पाहिलाय, नंतर मार्शल लॉ लागला.’ इतर गावांतल्या मुलांना तो झेंडा नवा असेल. आमच्या घरात तो परत आलेला होता.

शाळेत मूलोद्योग म्हणून टकळी शिकवीत. आम्हाला कापसाचे पेळू देत आणि तासभर सूत काढायला बसवीत. ज्यांच्या घरी माग आहे अशी वर्गात निम्मी मुले, आणि शिकवणारे मास्तर सरकारी वर्गात चार दिवस टकळी शिकून आलेले. माझे पहिले सूत मी मोठ्या अभिमानाने आजीला दाखवले. ती दिवसभर राहाटावर कांड्या भरीत असे. तिने ते सूत अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हळूच ओढले, ते तीन ठिकाणी तुटले, आणि तिने काहीही न बोलता ते तुकडे देवघरातल्या वातीच्या डब्यात टाकले.

जुना हिशोब

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु एक दुरुस्ती सुचवतो. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून २४ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी शाळांतून बहुतेक ठिकाणी ‘वंदे मातरम्’ म्हटले गेले होते. ‘जन गण मन’ आधीही लोकांना माहीत होते, त्यामुळे आपल्या शाळेत ते म्हटलेच नसेल असे मी म्हणत नाही, पण पुढच्या पन्नास वर्षांतले झेंडावंदन मागे सरकून त्या पहिल्या सकाळीत मिसळले असण्याचा संभव अधिक.

लेकीच्या शेवटच्या प्रश्नाविषयी: बिगरीतल्या मुलाला स्वातंत्र्य निदान नाण्यावरून तरी कळत नव्हते. प्रजासत्ताकाची नवी नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी आली, म्हणजे स्वतंत्र भारतातली मुले तीन वर्षे सहाव्या जॉर्जचे डोके असलेल्या आण्यांनी बेरीज-वजाबाकी शिकत होती. भोकाच्या पैशावर तर भोकामुळे डोक्याला जागाच नव्हती, नुसता मुकुट होता. आम्ही तो पैसा करगोट्यात ओवून शाळेत नेत असू. तो हरवला तर करगोट्यासकट हरवे, म्हणजे मार दुप्पट.

पूर्व भागातला

आपले म्हणणे खरे असेल. मला आठवते ते उभे राहणे आणि पेढा हातात विरघळणे. गाणे कोणते, याची शपथ घेणार नाही.

निवृत्त बाई

या तारखेविषयी मला थोडे अधिकाराने बोलता येईल, कारण मी एकेकाळी ती स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे. पण आधी माझ्या प्रवेशाचे सांगते.

मी जून १९५० मध्ये शाळेत गेले. वडील गिरणीत होते आणि आई विड्या वळत असे. त्या वेळी घरोघर जाऊन मुलांची नावे लिहून नेण्याची पद्धत होती आणि गल्लीत ‘सक्तीवाले आले’ अशी हाक उठली की बायका मुलींना मागच्या दाराने बाहेर काढीत, कारण मुलगी शाळेत गेली तर दिवसाकाठी विड्यांची एक-दोन बंडले कमी होत. आमच्या आईने मला लपवले नाही. तिची एकच अट होती: धाकट्या भावाला बरोबर न्यायचे. तो दीड वर्षाचा होता. त्याला काखेत घेऊन मी वर्गात बसत असे. बाईंनी त्याला पाटीचा एक फुटका तुकडा आणि पेन्सिलीचे टोक दिले होते. मी दुसरीत गेले तेव्हा तो नाव न घालता, पट न भरता, वीसपर्यंत आकडे म्हणू लागला होता. पुढे त्याला रीतसर दाखल करताना बाई म्हणाल्या, ‘हा जुना विद्यार्थी आहे.’

संध्याकाळी शाळेतून आल्यावर विड्यांची तोंडे मुडपण्याचे काम माझ्याकडे असे. पत्र्याच्या मापावर पान कापणे आणि तंबाखू भरून वळणे हे आईचे, आणि तोंड बंद करणे हे लहान बोटांचे काम. बोटांना तो वास दुसऱ्या दिवशीही राही. आम्हाला पाटी थुंकीने पुसण्याची वाईट खोड होती. बोट जिभेला लावले की तंबाखूची कडू चव येई, आणि आजही ‘श्रीगणेशा’ हा शब्द लिहिला की ती चव मला आठवते. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी नऊ जणींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे शिक्षक प्रशिक्षण घेताना हा आकडा वाचला तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या बायका मोजून पाहिल्या, आणि त्यांत एकही निघाली नाही.

अंकगणिताविषयी एक तक्रार करायची राहून गेली आहे, ती इथे करते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, हे सारे आमच्याकडून छडीच्या धाकाने पाठ करून घेतले, कारण रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै यांचा हिशोब त्याशिवाय होत नसे. मी सातवीत जाण्याच्या सुमारास, १ एप्रिल १९५७ रोजी, नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले. औटकीसाठी खाल्लेल्या छड्या कोणी परत केल्या नाहीत.

आता तारीख. मी शिक्षिका झाल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात जनरल रजिस्टर उघडून बसत असे. पालक येत आणि ‘बाई, तुम्हीच बघा आणि घाला’ म्हणत. फार विचारले तर आई सांगे, ‘आमच्या म्हशीला रेडकू झालं त्याच्या पुढच्या महिन्यात’, किंवा ‘याच्या आत्याच्या लग्नात हा पोटात होता’. काही शिक्षक त्या खुणांवरून महिना तरी काढीत. वर्गाबाहेर चाळीस माणसे उभी असताना मला ते जमले नाही; मी १ जून लिहिले. याची मला फारशी खंत नाही, कारण त्या दिवशी नाव घातले नसते तर ते मूल पुढच्या आठवड्यात मागावर किंवा विड्यांना बसले असते. त्याचा परिणाम मात्र सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षे दिसत राहिला: १ जूनला जन्मलेला माणूस ३१ मे रोजी निवृत्त होतो, त्यामुळे त्या एका दुपारी एकाच इमारतीत पाच-पाच निरोपसमारंभ असत आणि शाल-श्रीफळवाल्यांची चंगळ होई.

ताई, आपल्या वडिलांची शाळा अजून चालू असेल तर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा मागावा. जातीच्या दाखल्यासाठी लोक तो नेहमी काढतात, त्यामुळे शाळेला तो देण्याची सवय असते. जुनी रजिस्टरे ठेवलेली असतात. आजींची आठवण पुस्तिकेत अवश्य घ्या, पण कागदावरची तारीख आता बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

नळदुर्गकडचा

(आजोबा सांगत आहेत, मी त्यांची नात लिहून घेत आहे.)

तुम्ही सर्व जण १५ ऑगस्ट १९४७ ची गोष्ट सांगत आहात. आमचे गाव नळदुर्गच्या पलीकडे, सोलापूरपासून एका दिवसाच्या बैलगाडीवर, पण निजामाच्या हद्दीत. त्या दिवशी आमच्याकडे काहीही झाले नाही. उलट पुढचे वर्षभर रझाकारांची दहशत वाढत गेली आणि ऑगस्ट १९४८ च्या सुरुवातीला वडिलांनी आम्हाला रात्रीच्या वेळी गाडीत घालून सोलापुरास मामांकडे आणले.

गावच्या शाळेत मी चार-सहा महिने गेलो होतो आणि तिथे उर्दू शिकवीत, त्यामुळे मला अलिफ, बे, पे येत होते. सोलापुरात मामांनी मला शाळेत नेले. माझ्याजवळ कसलाही कागद नव्हता, तेव्हा माझा कान मोजला आणि १ जून लिहिले. मी सात वर्षांचा असून बिगरीत बसलो. मास्तरांनी ‘अ’ गिरवायला सांगितला, तो मी पाटीच्या उजव्या कडेपासून गिरवायला घेतला. शेजारचा मुलगा ओरडला, ‘मास्तर, हा उलटा लिहितोय!’ मास्तर आले, पाटी पाहिली, आणि माझ्या डाव्या हाताचे बोट धरून पाटीच्या डाव्या कडेवर ठेवले. ‘इथून निघायचं आणि तिथं पोचायचं.’ कितीतरी दिवस मी डाव्या हाताचे बोट कडेवर ठेवूनच लिहीत असे. आजही लिहिताना ठेवतो. (खरेच ठेवतात. मला त्याचे कारण आज कळले.)

पाटी विकत घेतानाही अडचण आली. वडिलांच्या कनवटीला हाली रुपये होते. निजामाचे नाणे ते हाली आणि इंग्रजी राज्यातले ते कलदार. सात हालींना सहा कलदार असा हिशोब असे. पण पळून आलेला माणूस घासाघीस करू शकत नाही हे पेठेतल्या दुकानदाराला माहीत होते, आणि त्याने हाली घ्यायचेच नाकारले. मामांनी कलदार दिले तेव्हा पाटी मिळाली. वडिलांनी परत येताना मला सात आणि सहा यांतला फरक रस्त्यातले खडे मांडून समजावला, तो माझ्या आयुष्यातला पहिला गणिताचा धडा.

मी दाखल झालो आणि आठ-दहा दिवसांतच १५ ऑगस्ट आला. स्वातंत्र्याला एक वर्ष झाले म्हणून शाळेत पेढे वाटले. मी घरी येऊन सांगितले, तर वडील म्हणाले, ‘हे इकडचं आहे. आपलं अजून व्हायचंय.’ पेढा मी आधीच खाल्लेला होता, त्याचे मला दिवसभर वाईट वाटले. १३ सप्टेंबरला पहाटेपासून हैदराबादच्या रस्त्याने लष्कराच्या गाड्या जाऊ लागल्या. शाळा भरली, पण मास्तरही दारात उभे राहून आवाज ऐकत होते. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करल्याची बातमी आली. वडील त्या रात्री मामांच्या ओसरीवर बसून मोठ्याने रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हलवायाकडून पाव शेर पेढे आणले आणि मला म्हणाले, ‘आता खा.’ आम्ही दिवाळीनंतर गावी परतलो. बिगरी मी दोन राज्यांत मिळून तीन वेळा केली.

सोलापूरची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाईंच्या सांगण्याप्रमाणे वडिलांच्या शाळेत जाऊन अर्ज केला. लिपिकांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून १९४८ चे रजिस्टर काढून दिले; त्याची पाने कडेने वाळवीने खाल्लेली आहेत, पण शाई अजून निळी आहे. वडिलांच्या पानावर बावीस नावे आहेत. त्यांतील सोळा जणांची जन्मतारीख १ जून आहे, आणि त्या सोळांत एकही टिंब चुकलेले नाही, सगळीकडे तेच अक्षर. उरलेल्या सहांपैकी एकाची तारीख ९ मार्च. पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात त्याच्यापुढे ‘वकिली’ असे लिहिले आहे, बाकी बहुतेकांपुढे ‘गिरणी’, ‘माग’ किंवा ‘मजुरी’.

कानाचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या उजवा हात डोक्यावरून नेऊन पाहिला. खांदा दुखत असल्यामुळे कान काही हाती आला नाही. ‘म्हणजे अजून सहा पूर्ण नाहीत,’ म्हणाले.

वाढदिवस या वर्षी किंक्रांतीला करायचे ठरले आहे; १ जूनला बँकेचा शुभेच्छांचा संदेश येतो तेवढा येऊ द्यायचा. रजिस्टरच्या पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर मोठे करून वडिलांसमोर धरले, तेव्हा ते आपले नाव शोधतील असे मला वाटले होते. त्यांनी चष्मा सारखा केला, बोट सरकवत दोन ओळी वर नेले, तिथे थांबवले आणि म्हणाले, ‘हा माझी पेन्सिल खायचा.’